चार बोटं बेट

चुसोकच्या सकाळी पितरांना नव्या तांदळाचा भात दाखवून झाला
की बाबा धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उभे राहत.
उजवा हात ताठ समोर, डावा डोळा मिटलेला,
आणि नोंगसोम मोजत.
चार बोटं, म्हणत. अजून चार आहे.
मी पाच वर्षांची. मला वाटे सगळ्याच गावांत
बेटं अशी मोजून ठेवतात,
रात्री कोंबड्या मोजून कोंडतात तशी.

शेजारी आणखी एक होतं, धाकटं.
ते मी पाहिलेलं नाही.
युद्धाच्या दुसऱ्या वर्षी परक्यांची विमानं आली.
युद्ध थांबलं, विमानं थांबली नाहीत.
त्यांना नेम शिकायचा होता
आणि नेम शिकायला काहीतरी लागतंच.
धाकटं आधी संपलं.

कालवं वेचायला खाजणात उतरायचं ते लाल बावटा बघून.
बावटा वर, तर ओहोटी फुकट.
पिल-न्यो मावशी बावट्याला शिव्या देई:
भांग असो, उधाण असो, समुद्र आपली वेळ पाळतो,
या मेल्यांना काय झालंय?
शनिवारी तिची टोपली भरे, रविवारी भरे.
बाकीचे दिवस ती उंबऱ्यावर बसून
धार असलेल्या सुरीलाच धार लावी.

शाळेत गुरुजी
वाक्य अर्धं सोडून, खडू तसाच वर धरून उभे राहत.
विमान गेलं की तिथूनच पुढं.
म्हणून आमच्या गावची माणसं अजून
बोलता बोलता

थांबतात.
परगावच्या सुनांना पहिलं वर्षभर वाटतं, आपलंच काही चुकलं.
आणि मोठ्यानं बोलतो आम्ही, कानगोष्टसुद्धा.
माझ्या नवऱ्यानं लग्नाचं विचारलं
ते अख्ख्या धक्क्यानं ऐकलं. धक्क्यानंच हो म्हटलं.

लोखंड मात्र चांगलं यायचं तिकडून.
डुकरांचं कुंड बॉम्बच्या कवचाचं,
आजीची मिरच्यांची कुंडी त्याचीच,
चर्चची घंटाही. तिचा आवाज जरा बसका होता.
रात्रीच्या ओहोटीला माणसं भंगार आणायला जात.
एकदा बाबांनी उचललं ते अजून जागं होतं.
दोन बोटं खाजणात राहिली.

पुढच्या चुसोकला तोच हात, तीच पायरी.
हिशेब लागेना.
बेट कमी झालंय की हात?
डाव्यानं मोजा, आई म्हणाली.
माप बदलायचं नसतं, ते म्हणाले
आणि गेलेल्या बोटांच्या जागेसकट मोजू लागले.

मग खटले, तारेच्या कुंपणाला भिडलेली म्हातारी माणसं,
तुरुंगात गेलेला मधला काका.
एका ऑगस्टमध्ये बावटा उतरला तो चढलाच नाही.
त्या आठवड्यात आजीला झोप लागेना,
उठून दारं तपासायची: कोण आलंय? इतकं गप्प कोण आलंय?
मावशी मंगळवारी खाजणात उतरली,
चोरासारखी मागं बघत बघत.

मोजणीखात्याचा मुलगा यंत्र घेऊन आला.
मूळच्या एक तृतीयांश उरलंय, म्हणाला.
दीड बोटाला थोडं कमी, बाबांनी त्याला सांगितलं,
आणि हिशेब जुळल्यासारखे
दिवसभर खुशीत होते.

आता मशीनगनच्या मैदानावर हिरवळ आहे.
पोरं बेसबॉल खेळतात.
मी पलीकडेच तिसऱ्यांच्या शेवया विकते.
चेंडू उंच उडाला की अजूनही टेबलाखाली जाते,
गिऱ्हाईक समोर असलं तरी.

परवा चेंडू मागायला एक पोरगा आला, दात पडलेला.
म्हणाला, आजी, तो खडक कसला?
मी त्याला तिसऱ्या पायरीवर नेलं.
हात ताठ कर. एक डोळा मीट. मोज.
त्यानं अंगठा धरला.
म्हणाला, कुठंय? काहीच नाही तिथं.

अंगठा काढ, मी म्हटलं.